तेर्ये विगेन (1917): कवितेवरून केलेल्या मूकपटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दर काही महिन्यांनी भिंतीवर पांढरी चादर ताणून जुने चित्रपट बघायचा बेत असतो. आलेल्या प्रत्येकाला मी हा मूकपट एकदा तरी दाखवलेला आहे. बघून झाल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे.

हा चित्रपट नेमका कोणता?

'तेर्ये विगेन' हा स्वीडनमध्ये तयार झालेला मूकपट जानेवारी 1917 मध्ये पडद्यावर आला. दिग्दर्शक व्हिक्टर शोस्ट्रॉम, आणि तेर्येची मुख्य भूमिकाही त्यांचीच. पटकथेचं काम गुस्ताफ मोलांडर यांनी केलं, कॅमेरा युलियुस येन्सोन यांचा. निर्मिती 'स्वेन्स्का बिओग्राफतेआतेर्न' या कंपनीची, तिचे सर्वेसर्वा चार्ल्स मॅग्नुसन. लांबी जेमतेम तासभर. इंग्रजीत तो 'अ मॅन देअर वॉज' या नावानं ओळखला जातो, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

कविता कोणाची? इब्सेन तर नाटककार ना?

हेन्रिक इब्सेन यांचीच. आपल्याकडे ते नाटकांमुळे माहीत आहेत. अनंत काणेकरांनी त्यांच्या 'डॉल्स हाउस'वरून 'घरकुल' केलं. 1933 साली 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलं, त्याचं मूळ नाटक इब्सेनचेच देशबंधू ब्यर्नसन यांचं. नॉर्वेच्या रंगभूमीचं मराठीशी असं जुनं नातं आहे. पण इब्सेन यांनी कविताही लिहिल्या आणि त्यांतली सर्वांत लोकप्रिय म्हणजे 1862 मध्ये छापून आलेलं हे 43 कडव्यांचं कथाकाव्य. नॉर्वेमध्ये शाळेत ते पाठ करायची पद्धत होती, समारंभांत त्याचं वाचन होतं. पोवाड्यातल्या दोन-चार ओळी ज्याला येत नाहीत असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण, तसंच त्यांच्याकडे या कवितेच्या पहिल्या कडव्याचं आहे.

त्या पहिल्या कडव्याचा भावार्थ असा: सर्वांत बाहेरच्या, उघड्याबोडक्या बेटावर एक विचित्र, केस पिकलेला माणूस राहायचा. त्यानं कधी कुणाचं वाईट केलं नाही, ना जमिनीवर ना समुद्रावर. पण हवा बिघडायला लागली की त्याच्या डोळ्यांत काहीतरी भयंकर चमकायचं, आणि मग त्याच्याजवळ जायची कुणाची छाती होत नसे.

गोष्ट आधीच सांगितली तर मजा जाते का?

मला नाही वाटत. 1917 मध्ये चित्रपटगृहात बसलेल्या कितीतरी लोकांना शेवट आधीपासून ठाऊक होता. रामायण बघायला जाताना रावण मरणार हे माहीत असतं, तरी आपण जातोच की.

तेर्ये तरुणपणी मोकाट, उनाड खलाशी. सफरीवरून घरी येतो तर पाळण्यात मुलगी, अ‍ॅना. त्या क्षणापासून माणूस बदलतो, घरचा होतो. मग 1809 साल उजाडतं. इंग्रजांच्या युद्धनौकांनी नॉर्वेचा किनारा कोंडून टाकलेला आहे, धान्य येणं बंद. घरात बायको आणि चिमुरडी उपाशी. तेर्ये एकटा, छोट्या होडीत बसून, वल्हवत डेन्मार्कला जातो आणि तीन पिंपं सातू घेऊन परत निघतो. कवितेत परतीच्या वाटेवर तो तीन दिवस तीन रात्री वल्हवतो. चौथ्या सकाळी घरचे डोंगर दिसायला लागतात, आणि तिथंच इंग्रजांची नाव त्याला गाठते. तो अधिकाऱ्याच्या पाया पडतो, घरी लेकरू उपाशी आहे म्हणून सांगतो. अधिकारी हसतो. सातू समुद्राच्या तळाशी जातात आणि तेर्ये इंग्लंडच्या कैदेत.

पाच वर्षांनी, 1814 च्या तहानंतर, तो सुटून येतो. केस पिकलेले. त्याच्या घरात परकी माणसं राहत असतात. बायको आणि मुलगी उपासमारीनं गेली, गावानं त्यांना भिकाऱ्यांच्या सामाईक खड्ड्यात पुरलं, असं त्याला सांगितलं जातं. पुढं तो एकटा राहतो आणि जहाजांना खडकांतून बंदरात आणायचं काम करतो. मग एका वादळी रात्री एक इंग्रजी नौका संकटात सापडते. तेर्ये मदतीला जातो. तिच्यावर एक लॉर्ड, त्याची बायको आणि तान्हं मूल. लॉर्डचा चेहरा तो ओळखतो. इथून पुढचं पडद्यावरच बघा.

'पायलट' म्हणजे इथं विमानाचा नव्हे ना?

नाही. बंदराच्या तोंडाशी कुठं खडप आहे, कुठं पाणी खोल, ओहोटीला कुठली वाट बंद होते हे जाणणारा आणि परक्या जहाजावर चढून ते आत आणून देणारा माणूस. बंदरात आजही त्याला पायलटच म्हणतात. जुना मराठी शब्द आरकाटी. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर शेकडो छोटी बेटं आणि पाण्याखाली लपलेले खडक असल्यामुळे तिथं या माणसाशिवाय जहाजाचं पानही हलत नसे. तेर्येला राजाकडून या कामाचा परवाना मिळाला होता, असं कवितेत आहे. हे ध्यानात ठेवून बघितलं तर शेवटच्या प्रसंगाला वेगळीच धार येते. दुसऱ्याला वाचवणं हाच त्याचा धंदा आहे, आणि ज्याचा सूड घ्यायचा तो त्याच धंद्याच्या वाटेनं त्याच्या होडीत येऊन बसतो.

हे सगळं खरं घडलं का?

तेर्ये हे पात्र इब्सेन यांचं आहे, पण त्याच्या मागचा काळ खरा. 1807 मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, त्यानंतर डेन्मार्क-नॉर्वेचं एकत्र राज्य नेपोलियनच्या बाजूला गेलं आणि इंग्रजांनी समुद्र बंद केला. नॉर्वेला पुष्कळसं धान्य बाहेरूनच आणावं लागे. 1808-09 आणि 1812 ही सालं तिथं उपासमारीची म्हणून लक्षात राहिली. पिठात झाडाची साल कुटून घालायचे. किनाऱ्यावरची माणसं उघड्या होड्यांतून, शंभर किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडून, डेन्मार्कमधल्या युटलंडहून धान्य आणायला खरोखर जात; कित्येकजण पकडले गेले आणि इंग्लंडच्या तरंगत्या तुरुंगांत खितपत पडले.

इब्सेन यांना हे कुठं कळलं? 1844 ते 1850 या काळात ते ग्रिमस्टाड नावाच्या लहानशा बंदरगावात औषधाच्या दुकानात शिकाऊ म्हणून राबत होते. ती युद्धं अंगावर काढलेले म्हातारे तेव्हा त्या गावात जिवंत होते. औषधाची पुडी बांधताना कानावर पडलेल्या गोष्टी बारा-पंधरा वर्षं आतल्या आत मुरल्या असाव्यात, असं माझं मत.

मग स्वीडिश लोकांनी नॉर्वेजियन कवितेवर चित्रपट कसा काय काढला?

भाषा एकमेकींना समजण्याइतक्या जवळच्या आहेत आणि इब्सेन साऱ्या उत्तर युरोपचे होते. तरी 1905 पर्यंत नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली होता. वेगळं होऊन जेमतेम बारा वर्षं झालेली असताना शेजाऱ्यांची इतक्या जिव्हाळ्याची कविता घेणं ही जोखीमच होती.

शोस्ट्रॉम यांनी आधी नकार दिला होता म्हणतात?

हो. मॅग्नुसन यांनी कल्पना मांडली तेव्हा शोस्ट्रॉम तयार नव्हते. त्या काळात कारखान्यासारखे चित्रपट निघत. कवितेचं सोनं करायचं की माती, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नसेल तरच नवल. 1916 च्या उन्हाळ्यात ते सायकल घेऊन फिरायला बाहेर पडले. आधी स्वीडनमधल्याच व्हेर्मलांडला, जिथं त्यांचा जन्म झाला होता. तिथं लहानपणी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं त्यांना त्यांच्या आईच्या आठवणी सांगितल्या. आई ते लहान असतानाच गेली होती. तिथून पुढं ते नॉर्वेला, थेट ग्रिमस्टाडच्या किनाऱ्यावर गेले. परत आले ते होकार घेऊनच.

मला ही हकीकत फार मोलाची वाटते. आई गमावलेल्या माणसानं, लेकरू गमावलेल्या माणसाची भूमिका करायचं ठरवलं, आणि त्याआधी तो समुद्र स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला.

मूकपटात कवितेचं काय उरतं? शब्द तर ऐकूच येत नाहीत.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि तोच सगळ्यांत चांगला आहे.

मूकपटात दृश्यांच्या मधे पाट्या येतात. बहुतेक चित्रपटांत त्या निव्वळ माहिती देतात: 'दुसऱ्या दिवशी', 'तो म्हणाला की'. इथं मात्र पाट्यांवर इब्सेन यांच्या ओळीच आहेत, स्वीडिशमध्ये आणलेल्या. त्यांचं गद्य केलं नाही, सोप्या केल्या नाहीत. कविता तिच्या चालीत पाटीवर येते, मग चित्र येतं, पुन्हा पाटी.

याचा परिणाम बघताना कळतो. पहिली पाटी वाचताना आपण मनातल्या मनात ती म्हणतो. कवितेची लय असते ना, ती डोक्यात सुरू होते. मग पाटी जाते आणि पडद्यावर म्हातारा तेर्ये आणि बाहेर खवळलेला समुद्र. आता शब्द नाहीत, पण लय डोक्यात चालूच राहते, आणि लाटा त्या लयीवर फुटायला लागतात. वाद्यांनी धून धरून ठेवावी आणि गायकानं मधेच गप्प व्हावं, तसं काहीसं.

कवितेवरून केलेले बरेच चित्रपट मी बघितले आहेत. त्यांत दोन चुका हमखास दिसतात. एक, ओळीत जे सांगितलं तेच चित्रात दाखवायचं. 'तो रडला' असं लिहिलं की लगेच रडतानाचा चेहरा. दुसरी, कविता पुरेशी नाही असं वाटून नवी पात्रं, नवा खलनायक घुसवायचा. शोस्ट्रॉम यांनी दोन्ही टाळलं. सांगायचं ते काम ओळींवर सोडलं आणि कॅमेरा ओळींत नसलेल्या गोष्टींकडे नेला: पाण्याचं वजन, वल्ह्याचा जोर, खडकावर एकट्या उभ्या माणसाची पाठ. अशा वेळी तो माणूस काय विचार करतो आहे हे पाटी सांगत नाही. त्याची गरजही नसते.

समुद्राची दृश्यं खरी आहेत की स्टुडिओतली?

खरी. उघड्या समुद्रावर, किनाऱ्यावरच्या खडकांत चित्रीकरण झालं. 1916 मध्ये कॅमेरा हातानं फिरवायचा, लाकडी खोक्यासारखा जड, आणि होडीत तो तिकाटण्यावर उभा करणं म्हणजे काय हे ज्यानं डोलणाऱ्या होडीत नुसतं उभं राहायचा प्रयत्न केला आहे त्याला सांगायला नको. येन्सोन यांनी ते केलं.

माझे मामा देवगडकडचे, उमेदीच्या काळात मासेमारीच्या होडीवर गेलेले. त्यांना हा चित्रपट दाखवला तेव्हा पाट्या मी वाचून सांगत होतो. पाठलागाचा प्रसंग आला, तेर्ये जिवाच्या आकांतानं वल्हवतोय, मागून इंग्रजांची नाव. मामा पुढं सरकून बसले. म्हणाले, "हा खोटं नाही करत. बघ, हातानं नाही ओढत, कमरेपासून मागं जातो. वल्हं पाण्यातून काढताना मनगट वळवतो." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "दमला पण आहे खराच." त्यांना स्वीडिश येत नाही, इब्सेन कोण हे ठाऊक नाही. मी या चित्रपटावर जेवढं वाचलं आहे, त्या सगळ्यापेक्षा ते मनगटाचं वाक्य मला जास्त काही शिकवून गेलं. तेव्हापासून तो प्रसंग लागला की माझी नजर मनगटावरच जाते.

खर्च फार झाला होता का?

साधारण 60,000 क्रोनर, म्हणजे तोवरच्या स्वीडिश चित्रपटांत सगळ्यांत जास्त. पण पैसा वसूल झाला, नावही झालं, आणि कंपनीनं धोरणच बदललं: भाराभर चित्रपट काढण्यापेक्षा मोजके काढायचे, पण जीव ओतून. स्वीडिश मूकपटाचा सुवर्णकाळ इथूनच मोजतात, 1917 ते 1924 च्या आसपासपर्यंत.

तेव्हाच्या प्रेक्षकांना शंभर वर्षांपूर्वीच्या उपासमारीचं काय वाटलं असेल?

त्यांच्यासाठी ती जुनी गोष्ट नव्हती. 1917 म्हणजे पहिलं महायुद्ध ऐन भरात. स्वीडन तटस्थ होता, पण समुद्रावर पुन्हा एकदा नाकेबंदी आणि धान्याची आवक तुटलेली. ज्या जानेवारीत हा चित्रपट लागला, त्याच जानेवारीत स्वीडनमध्ये पाव रेशनवर गेला. वसंत ऋतू येईपर्यंत अन्नासाठी लोक रस्त्यावर उतरले होते.

म्हणजे खिशात पावाचं कार्ड घेऊन आलेला माणूस पडद्यावर बघतोय की कुणीतरी तीन पिंपं सातूंसाठी जीव धोक्यात घालतोय, आणि ते सातू पाण्यात जातात. त्या क्षणी चित्रपटगृहात काय शांतता पसरली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. त्यातलं हसणारं इंग्रज आरमारसुद्धा त्यांना परकं वाटलं नसणार.

शेवटची क्षमा पटत नाही. इतकं सोसून कुणी सोडून देतं का?

हे तावातावानं विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याचा राग रास्त आहे. बायको गेली, पोर गेलं, ऐन उमेदीची पाच वर्षं गेली. समोर तोच माणूस. समुद्र तोच. कोण सोडेल?

पण नीट बघा, तेर्ये 'माफ केलं' असं म्हणत नाही. सूडाच्या टोकापर्यंत तो जातोच. होडीला भोक पाडतो, मूल स्वतःच्या हातात घेतो, लॉर्डला त्याच जागी आणतो जिथं तो स्वतः एकदा गुडघे टेकून रडला होता. आता गुडघे लॉर्डचे टेकतात. कवितेत तेर्ये सांगतो की इतकी वर्षं त्याचं रक्त दगडगोट्यांतून वाहणाऱ्या नदीसारखं वाहत होतं, त्याला हिशेब पुरा करायचाच होता. तो होतो. ज्यानं हसून दुःख उडवून लावलं होतं, त्याला ते दुःख काय असतं हे पुरतं कळतं. तेर्येला हवं होतं ते हेच, असं मला वाटतं. पुढं मुलाचा जीव घेऊन काहीच वाढणार नव्हतं.

आणि हातात तान्हं मूल आहे. पाळण्यातल्या अ‍ॅनाला बघून जो माणूस एकदा बदलला होता, तोच पुन्हा तशाच वजनाचं ओझं हातात धरून उभा आहे. हातांना आठवण असते. चित्रपट इथं घाई करत नाही आणि शोस्ट्रॉम चेहऱ्यावर फारसं काही आणत नाहीत. नंतर आईबाप आभार मानायला येतात तेव्हा कवितेतला तेर्ये मुलाच्या केसांवरून हात फिरवून सांगतो, मला नका सांगू, वाचवलं ते या छोट्यानं.

ज्यांना तरीही पटत नाही, त्यांच्याशी मी भांडत नाही. दुसऱ्यांदा बघा एवढंच म्हणतो, आणि तेव्हा लॉर्डकडे न बघता हातांकडे बघा.

चित्रं निळी-पिवळी का दिसतात?

तेव्हा फिल्मची पट्टी प्रसंगानुसार रंगाच्या द्रावणात बुडवत: रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळसर. चांगल्या प्रतीत हे रंग परत आणलेले आहेत. करड्या, धुरकट प्रतीत अर्धा चित्रपट हरवतो.

माणसं तुरुतुरु चालताना दिसतात. हे असंच आहे का?

नाही, ती प्रतीची चूक. मूकपट सेकंदाला साधारण 16 ते 20 चित्रांच्या वेगानं घेतलेले असत. बोलपटाच्या 24 च्या वेगानं लावले की सगळे पळायला लागतात. तशी प्रत लागली तर बंद करा आणि दुसरी शोधा.

संगीत कोणतं लावावं?

चित्रपटगृहात वादक बसलेले असायचे, ठरीव संगीत नव्हे. घरी बघताना प्रतीसोबतचं आवडलं नाही तर आवाज बंद करून बघा. एकदा पावसाळ्यात आम्ही तसाच बघितला, बाहेर पन्हळ वाजत होती. तेवढं पुरलं. शब्द असलेली गाणी मात्र लावू नका, ती पाट्यांशी भांडतात.

लहान मुलांना चालेल?

आठ-नऊ वर्षांच्या पुढे चालेल, पण शेजारी बसून पाट्या वाचून दाखवा. बायको-मुलीच्या मृत्यूचा भाग जड आहे.

त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं?

1917 मध्येच दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन' आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघांच्या भूमिका केल्या. तिथंही प्रेक्षकांना गोष्ट तोंडपाठ होती आणि तीच पडद्यावर बघायला गर्दी लोटली. एकीकडे समुद्र उल्लंघणारा मारुती, दुसरीकडे तो वल्हवून पार करणारा तेर्ये. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. तरी हे दोन चित्रपट एका संध्याकाळी पाठोपाठ दाखवावेत, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. 'लंकादहन'चे काही भागच आता शिल्लक आहेत, तेवढे तरी.

शोस्ट्रॉम यांचं पुढे काय झालं?

1921 मध्ये त्यांनी 'फँटम कॅरेज' केला, मग हॉलिवूडला गेले. तिथं त्यांचं नाव सीस्ट्रॉम असं लिहीत. 1928 चा 'द विंड' तिथला. म्हातारपणी, 1957 मध्ये, दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये ते वृद्ध प्राध्यापकाच्या भूमिकेत दिसले. 'तेर्ये विगेन'मध्ये लॉर्डच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या एडिथ एरास्टॉफ यांच्याशी त्यांनी 1922 मध्ये लग्न केलं. त्यांचे बरेच मूकपट आता नाहीत. 1941 मध्ये स्टॉकहोममधल्या फिल्मच्या कोठारात स्फोट होऊन आग लागली, त्यात अनेक मूळ निगेटिव्ह जळाल्या.

बघायला कुठं मिळेल?

अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीचा झालेला आहे, त्यामुळे इंटरनेटवर शोधलं की मिळतो. पाट्या इंग्रजीत असलेली, रंग शाबूत असलेली आणि वेग बरोबर असलेली प्रत निवडा. मोबाइलवर बघू नका. पाण्यातली होडी ठिपक्याएवढी होते. भिंत आणि चादर असेल तर रात्री, दिवे मालवून बघा.